नदीतल्या गोगलगायी काय सांगतात? खाम ते गोदावरी, गोड्या पाण्यातल्या शंखांची ओळख

पावसाळा ओसरून नदीचे पाणी निवळले, की काठच्या दगडांवर, गाळात आणि पाणवनस्पतींच्या देठांवर लहान-मोठे शंख दिसू लागतात. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही थेट लिंबाएवढे. बहुतेक लोक त्यांना सरसकट 'शंख' किंवा 'गोगलगाय' म्हणतात आणि पुढे जातात. नदीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी मात्र हे शंख म्हणजे नदीचे आरोग्यपत्रकच असते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून वाहणाऱ्या खाम, सुखना, शिवना, येळगंगा यांसारख्या नद्या आणि पैठणची गोदावरी समोर ठेवून नदीतल्या गोगलगायींची विविधता समजून घेता येते.

थोडक्यात

- नदीत गोगलगायी आहेत की नाहीत, यापेक्षा कोणत्या आहेत आणि कोणत्या प्रमाणात आहेत हे महत्त्वाचे असते.
- कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या गोगलगायींना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. हवेतून श्वास घेणाऱ्या गोगलगायी घाण, साचलेल्या पाण्यातही तग धरतात.
- गुराढोरांना होणारे काही कृमींचे आजार या दुसऱ्या गटातल्या गोगलगायींमार्फत पसरतात. त्यामुळे नदी बिघडली की त्याचा फटका गोठ्यापर्यंत पोहोचू शकतो.

शेतातली शंखी गोगलगाय आणि नदीतली गोगलगाय वेगळी

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. तेव्हापासून मराठवाड्यात गोगलगाय म्हटले की पिकांची नासाडी आठवते. पण ती जमिनीवर राहणारी गोगलगाय आहे. नदीतल्या गोगलगायींचा सोयाबीनशी काही संबंध नाही. त्या दगडांवरचे शेवाळ, कुजलेला पाला आणि गाळातले सेंद्रिय कण खाऊन जगतात.

दोन्ही मृदुकाय संघातल्या, म्हणजे मऊ शरीराच्या प्राण्यांच्या गटातल्या आहेत. एकाच वळणदार शंखात राहणारे आणि पोटाखालच्या स्नायूवर सरकणारे म्हणून त्यांना 'उदरपाद' म्हणतात. नदीत सापडणारे दोन झडपांचे शिंपले याच संघातले, पण वेगळ्या वर्गातले. जगभरात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या सुमारे ४,००० प्रजातींची नोंद झालेली आहे.

या जिल्ह्यातल्या नद्या कशा आहेत?

जिल्ह्याची बहुतेक जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची. पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्यामुळे लहान नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात.

खाम नदी शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून निघते. हर्सूल, पाणचक्की असा शहरातला प्रवास करून ती वाळूजच्या बाजूने जाते आणि पुढे नाथसागराला मिळते. सुखना शहराच्या पूर्वेकडून, चिकलठाण्याजवळून वाहते. येळगंगा वेरूळच्या लेण्यांजवळून, तर वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांसमोरून जाते. वाघूर तापीच्या खोऱ्यातली आहे, खाम आणि शिवना गोदावरीच्या.

पैठणला १९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि गोदावरीचे वाहते पाणी विस्तीर्ण, उथळ नाथसागरात बदलले. म्हणजे एकाच जिल्ह्यात डोंगरातला खडकाळ झरा, शहरातून जाणारी नदी, उन्हाळी डोह आणि मोठा जलाशय असे चारही प्रकार भेटतात. प्रत्येक ठिकाणी गोगलगायींचे मिश्रण वेगळे असते.

दख्खनच्या पाण्यात आढळणाऱ्या नेहमीच्या गोगलगायी

*पायला:* लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा, गोलसर शंख. तोंडाला घट्ट झाकण. हिच्याकडे कल्ला आणि फुप्फुसासारखी पोकळी, दोन्ही असतात. पाणी आटले की ती चिखलात शिरते, झाकण लावून घेते आणि पावसाची वाट पाहत महिनोन्‌महिने निपचित राहते. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती पाठ्यपुस्तकातून माहीत असते.

*फिलोपॅलुडिना बेंगालेन्सिस:* हिरवट-तपकिरी शंखावर गडद पट्टे. मंद वाहत्या पाण्यात आणि तलावांत भरपूर आढळते. नर-मादी वेगळे असतात आणि मादी अंडी न घालता थेट पिलांना जन्म देते. पिलू बाहेर येते तेच पाठीवर शंख घेऊन.

*मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलाटा:* लांबट, निमुळता, मळसूत्री शंख. वाळूत आणि गाळात राहते. हिच्या बहुतेक वसाहतींत माद्याच असतात आणि त्या नराशिवाय पिले देतात. थियारा ही तिचीच नातलग.

*लिम्निया:* पातळ, नाजूक, काहीसा पारदर्शक शंख आणि मोठे तोंड. झाकण नसते. श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागाशी येते.

*इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस:* नाण्यासारखा चपटा, गुंडाळलेला शंख. रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे हिचे रक्त लाल असते. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात टिकून राहायला तिला याचा उपयोग होतो.

*गायरॉलस:* हीसुद्धा चपटी, पण अगदी छोटी. पाणवनस्पतींच्या पानांवर शोधावी लागते.

*फायसेला अक्युटा:* मूळची उत्तर अमेरिकेतली, आता जगभर आणि भारतातही पसरलेली परकी प्रजाती. दिसायला लिम्नियासारखी, पण वळण उलटे. शंखाचे टोक वर आणि तोंड स्वतःकडे धरले, तर लिम्नियाचे तोंड उजवीकडे दिसते, फायसेलाचे डावीकडे.

श्वास कसा घेते, यावर बरेच काही ठरते

या यादीचे साधारण दोन गट पडतात.

पहिल्या गटाच्या तोंडाला झाकण असते आणि त्या कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतात. फिलोपॅलुडिना, मेलॅनॉइडिस, थियारा या गटात येतात. पाण्यातला प्राणवायू फार घटला तर त्यांचा श्वास कोंडतो. दुसऱ्या गटाला झाकण नसते आणि त्या वर येऊन हवा घेतात. लिम्निया, इंडोप्लॅनॉर्बिस, गायरॉलस, फायसेला या गटातल्या. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी त्यांचे फारसे अडत नाही. पायला दोन्ही सोयी बाळगून आहे.

पुनरुत्पादनातही फरक आहे. दुसऱ्या गटातल्या गोगलगायी उभयलिंगी असतात आणि पानांवर, दगडांवर जेलीसारख्या गोळ्यांत अंडी घालतात. त्यांच्यातल्या अनेकींना गरज पडली तर जोडीदाराशिवायही प्रजनन जमते. त्यामुळे पुरात सगळे वाहून गेले तरी मागे उरलेली एखादी गोगलगाय काही महिन्यांत नवी वसाहत उभी करू शकते.

'समुदाय रचना' म्हणजे काय?

एका ठिकाणी राहणाऱ्या सगळ्या प्रजाती, त्यांची संख्या आणि त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण, याला समुदाय रचना म्हणतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

नदीच्या दोन ठिकाणी प्रत्येकी १०० गोगलगायी मिळाल्या. दोन्हीकडे प्रजाती ५ च. पण पहिल्या ठिकाणी प्रत्येक प्रजातीच्या २० गोगलगायी आहेत. दुसऱ्या ठिकाणी एकाच प्रजातीच्या ९२ आणि उरलेल्या चार प्रजातींच्या प्रत्येकी २. नुसती यादी पाहिली तर दोन्ही ठिकाणे सारखीच वाटतात. प्रत्यक्षात दुसऱ्या ठिकाणी एकीचेच राज्य आहे.

हा फरक आकड्यात पकडण्यासाठी निर्देशांक वापरतात. सिम्पसन निर्देशांकाची (१९४९) कल्पना अगदी सोपी आहे: डोळे मिटून दोन गोगलगायी उचलल्या, तर त्या वेगवेगळ्या प्रजातींच्या निघण्याची शक्यता किती? पहिल्या ठिकाणी ती सुमारे ८० टक्के येते, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम १५ टक्के. दुसरा प्रचलित निर्देशांक शॅनन यांचा. तो मुळात १९४८ साली दूरसंचाराच्या अभ्यासातून आला आणि पुढे जीवशास्त्रज्ञांनी उचलला. वरच्या उदाहरणात तो पहिल्या ठिकाणी १.६१ आणि दुसऱ्या ठिकाणी ०.३९ येतो.

म्हणूनच 'आमच्या नदीत पाच प्रकारचे शंख आहेत' एवढ्यावर समाधान मानता येत नाही. पाचांपैकी चार संपायला आले आहेत का, हे विचारावे लागते.

मोजणी कशी करतात?

नदीवर वरची बाजू, शहरातला भाग आणि खालची बाजू अशी ठरावीक ठिकाणे निवडतात. प्रत्येक ठिकाणी ठरावीक मापाची चौकट नदीच्या तळावर ठेवून तिच्यातल्या सगळ्या गोगलगायी हाताने वेचतात. गाळ चाळणीतून धुऊन घेतात. पाणवनस्पतींची पाने आणि दगडांची खालची बाजू तपासतात. त्याच वेळी पाण्याचे तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू, क्षार आणि कॅल्शियम मोजतात. शंख बनवायला कॅल्शियम लागत असल्याने हा घटक महत्त्वाचा असतो.

हे काम वर्षभर, शक्यतो दर महिन्याला करावे लागते. जिवंत गोगलगायी आणि रिकामे शंख वेगळे मोजावे लागतात. रिकामा शंख पुरात कुठूनही वाहून आलेला असू शकतो. तो दिसला म्हणून ती प्रजाती तिथे राहते, असे म्हणता येत नाही.

ओळख पटवण्यासाठी भारतात एन. व्ही. सुब्बा राव यांचे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने १९८९ मध्ये प्रकाशित केलेले पुस्तक प्रमाण मानले जाते. त्याआधी १९१५ मध्ये एच. बी. प्रेस्टन यांनी ब्रिटिश भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवर ग्रंथ लिहिला होता. जुने शोधनिबंध वाचताना एक काळजी घ्यावी लागते. बरीच नावे बदलली आहेत. आजची फिलोपॅलुडिना बेंगालेन्सिस जुन्या लेखनात बेलामिया किंवा व्हिव्हिपॅरस या नावाने भेटते. जुनी आणि नवी नावे वेगवेगळी मोजली, तर विविधता कागदावर उगाच फुगते.

वर्षभराचे चक्र

पावसाळ्यात पुराचा लोंढा तळ खरवडून नेतो. गोगलगायी वाहून जातात आणि गढूळ पाण्यात शेवाळही वाढत नाही. त्यामुळे मोजणीत संख्या घटते. हिवाळ्यात पाणी निवळते, दगडांवर शेवाळ धरते आणि काठाला पाणवनस्पती वाढतात. गोगलगायींना खाणे आणि अंडी घालायला जागा, दोन्ही मिळते.

उन्हाळ्यात नदी डोहांत आक्रसते. सगळ्या गोगलगायी थोड्या पाण्यात गोळा होतात, त्यामुळे एका चौकटीत भरपूर सापडतात. ही दाटी म्हणजे भरभराट नव्हे. डोह पूर्ण आटला तर बहुतेक मरतात, आणि चिखलात दडी मारता येणाऱ्या थोड्या उरतात. एकाच महिन्याच्या मोजणीवरून निष्कर्ष काढू नये, ते याचसाठी.

सांडपाणी मिसळले की काय होते?

शहराचे सांडपाणी नदीत आले की त्यातला सेंद्रिय कचरा कुजवणारे जीवाणू वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. काळा गाळ साचतो, दगड झाकले जातात. पुढे ढोबळमानाने तीन पायऱ्या दिसतात.

१. थोडे प्रदूषण असेल तर खाद्य वाढल्यामुळे गोगलगायींची संख्या उलट वाढू शकते.

२. प्रदूषण वाढत गेले की नाजूक प्रजाती आधी जातात. एक-दोन प्रजातींची संख्या प्रचंड वाढते. विविधतेचा निर्देशांक कोसळतो.

३. प्रदूषण टोकाला गेले किंवा विषारी औद्योगिक पाणी मिसळले, तर गोगलगायीच उरत नाहीत. राहतात फक्त गाळातल्या लाल अळ्या आणि गांडुळांसारखे कृमी.

अर्थात कल्ल्यांची गोगलगाय दिसली म्हणजे पाणी स्वच्छ, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. फिलोपॅलुडिना आणि मेलॅनॉइडिस दोघीही बऱ्यापैकी चिवट आहेत. म्हणून एका प्रजातीकडे न पाहता संपूर्ण मिश्रण पाहायचे, आणि तेही वर्षामागून वर्षे. जड धातूंसाठी तर गोगलगायींचे शरीरच तपासतात, कारण पाण्यातले आणि गाळातले धातू त्यांच्या ऊतींमध्ये साठत जातात.

गोठ्याशी असलेला संबंध

नदी बिघडल्यावर मागे उरणाऱ्या गोगलगायींमध्ये लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस असतात. नेमक्या याच दोघी जनावरांच्या अनेक कृमींच्या वाहक आहेत.

लिव्हर फ्लूक म्हणजे यकृतातला चपटा कृमी. भारतात गाई-म्हशींमध्ये प्रामुख्याने फॅसिओला जायगँटिका हा आढळतो. बाधित जनावराच्या शेणातून त्याची अंडी पाण्यात जातात. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी लिम्नियाच्या शरीरात शिरते, तिथे वाढते, आणि एका अळीच्या शेकडो होतात. त्या बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात. गवत खाल्लेल्या जनावराला लागण होते. जनावर खंगते, दूध घटते, कधी जबड्याखाली सूज येते.

इंडोप्लॅनॉर्बिस ही शिस्टोसोमा गटातल्या कृमींची वाहक आहे. त्यातला शिस्टोसोमा नासाले गुरांच्या नाकातल्या रक्तवाहिन्यांत राहतो. नाकात गाठी होतात आणि जनावर श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज करते. या कृमींच्या अळ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या त्वचेतही शिरतात. माणसात त्या पुढे वाढू शकत नाहीत, पण अंगाला खाज सुटते आणि पुरळ उठते.

माणसातल्या शिस्टोसोमाच्या आजाराचे भारतातले गाजलेले उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी लघवीतून रक्त जाण्याच्या या आजाराची नोंद केली. त्याचा वाहक म्हणून तिथल्या पाण्यातली फेरिसिया टेन्युइस ही टोपीच्या आकाराची, जेमतेम काही मिलिमीटरची गोगलगाय पुढे आली. एवढ्याशा प्राण्याची नेमकी ओळख पटणे किती मोलाचे असते, हे गिमवीने दाखवून दिले.

यावर सगळ्या गोगलगायी मारून टाकणे हा उपाय नाही. विषाने निरुपद्रवी प्रजाती आणि मासेही मरतात, आणि सर्वांत आधी परततात त्या भराभर वाढणाऱ्या वाहक प्रजातीच. जनावरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर जंतनाशक देणे, साचलेल्या डबक्यांऐवजी हौदावर पाणी पाजणे आणि शेण पाण्यात जाऊ न देणे, हे उपाय अधिक भरवशाचे आहेत.

गोगलगायी नसतील तर काय बिघडेल?

नाथसागर परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे मुग्धबलाक नावाचा करकोचा दिसतो. त्याच्या चोचीच्या दोन भागांमध्ये फट असते आणि त्याचे मुख्य खाद्य म्हणजे पायला गोगलगाय. चोचीच्या टोकाने तो झाकणाआडचे मांस अलगद बाहेर काढतो. बदके, कासवे, खेकडे आणि काही मासेही गोगलगायी खातात. बिहार, बंगाल आणि ईशान्य भारतात माणसेही पायला आणि फिलोपॅलुडिना आवडीने खातात.

दगडांवरचे शेवाळ खरवडणे, कुजलेला पाला संपवणे आणि गाळ उकरणे ही कामे गोगलगायी विनामोबदला करत असतात. त्यांचे महाराष्ट्रातले वास्तव्यही फार जुने आहे. बेसॉल्टच्या थरांच्या मध्ये अडकलेल्या प्राचीन तळ्यांच्या गाळात, उदाहरणार्थ नागपूरजवळच्या टाकळी इथे, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडले आहेत. त्यांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकांमधल्या शांततेच्या काळात त्या इथल्या तळ्यांत नांदत होत्या.

नदी सुधारली, हे कशावरून ओळखायचे?

खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद आणि सामाजिक संस्थांच्या सहभागातून सुरू झाले. कचरा उचलला गेला, काठावर झाडे लागली. हा बदल डोळ्यांना दिसतो. पाण्याखालचा बदल मात्र तिथे राहणारे जीवच सांगू शकतात. हर्सूलच्या वरच्या बाजूला, शहराच्या मध्यभागी आणि वाळूजच्या पुढे दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच पद्धतीने मोजणी झाली, तर प्रजाती परत येत आहेत की नाही हे आकड्यांत कळेल. काठ पूर्ण सिमेंटचा केला तर गोगलगायींना पाने, मुळे आणि दगडांच्या खबदाडी मिळत नाहीत. त्यामुळे काठावरची नैसर्गिक झाडी आणि दगडगोटे राखणेही तितकेच गरजेचे ठरते.

सामान्य नागरिकही यात भर घालू शकतात:

- शंखाचा फोटो तोंडाकडून काढावा. वळण उजवे की डावे आणि झाकण आहे की नाही, हे दिसायला हवे. शेजारी नाणे ठेवले तर आकार कळतो.
- ठिकाण, तारीख आणि गोगलगाय जिवंत होती की रिकामा शंख, हे लिहावे. अशी नोंद आयनॅचरलिस्टसारख्या मंचावर टाकता येते.
- साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नये, गोगलगायी उघड्या हातांनी हाताळू नयेत.
- घरच्या फिशटँकमधल्या गोगलगायी नदीत किंवा तलावात सोडू नयेत. परक्या प्रजाती अशाच पसरतात.
- शेतात शंखी गोगलगायींसाठी विषारी गोळ्या वापरल्या, तर त्या ओढ्याकाठी टाकू नयेत.

पुढच्या हिवाळ्यात येळगंगेच्या किंवा खामच्या काठी एखादा दगड उलटून पाहिला आणि त्याखाली एकाऐवजी चार प्रकारचे शंख निघाले, तर ती नदीसाठी चांगली बातमी समजावी. दगड पाहून झाला की तो पुन्हा होता तसाच ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूला अंडी असू शकतात.